अनुमानाचा रकाना

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात पुस्तक म्हणजे शाळेतून फुकट मिळालेलं पाठ्यपुस्तक, आणि परीक्षा संपली की आई त्याच्या पानांत सुकट बांधून बाजाराला न्यायची. माझ्याआधी आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नाही. ज्यांनी आयुष्यभर वाचलं त्यांच्या पंगतीला येऊन बसायला मला संकोच वाटतो. पण मला एक गोष्ट थोडीफार येते, ती म्हणजे रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक. लिहिण्याबद्दल जे काही कळलं ते त्या टेबलाशी उभं राहूनच कळलं. तेवढंच सांगतो. चुकलं असेल तर सोडून द्यावं.

माझं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली. बाबा तलावात मासे धरतात, आई ते टोपलीत घालून आठवडी बाजारात विकते. मला एक मोठी बहीण आहे, तिला मी बाई म्हणतो. तिचं लग्न होऊन तिला एक मुलगा आहे. मी गडचिरोलीला वसतिगृहात राहतो आणि बी.एस्सी. करतो.

ज्यांनी प्रयोगशाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्हाला कागदाच्या पुडीत चिमूटभर क्षार देतात. तो कोणता हे कुणी सांगत नाही, ते आपण शोधायचं. वहीच्या पानावर तीन रकाने आखलेले असतात. प्रयोग, निरीक्षण, अनुमान. म्हणजे काय केलं, काय दिसलं आणि त्यावरून काय वाटतं. हे इतकं सोपं आहे की पहिल्या वर्षी आम्ही कुणीच ते मनावर घेतलं नाही.

माझ्या टेबलावरचा जोडीदार गडचिरोलीचाच. त्याचे अब्बा बाजारात कूलर आणि पंखे दुरुस्त करतात. एकदा आमच्या पुडीत हिरवा क्षार निघाला. त्याने तो उजेडात धरला आणि म्हणाला, "हिरवा है ना? फेरस. लोहा है. लिख डाल."

मी म्हटलं, "अबे, पण चाचण्या?"

"चाचण्या बाद में. जवाब मालूम है तो रस्ता बनाने में कितना टाइम लगता? उलटा लिखते जा."

आम्ही उलटं लिहीत गेलो. शेवटचं अनुमान आधी, मग त्याला शोभतील अशी निरीक्षणं. अक्षरही छान काढलं. सर टेबलाशी आले आणि वहीकडे न बघता त्यांनी आमच्या परीक्षानळ्या हातात घेऊन उलट्या केल्या. सगळ्या कोरड्या होत्या.

"नळ्या कोरड्या अन् पान भरलेलं," सर म्हणाले. "हे कसं काय?"

"सर, वो दिख रहा था," जोडीदार म्हणाला.

"दिसत होता तो रंग. धातू कोणाले दिसत नाही बाबा. हे निकेल आहे."

सगळी लॅब हसली. जोडीदार माझ्या कानात म्हणाला, "निकेल को हिरवा होने की क्या जरूरत थी?" मलाही हसू आलं, पण ती गोष्ट मनात राहिली.

त्या वर्षी कॉलेजात मराठीच्या प्राध्यापकाची जागा भरलीच नव्हती. म्हणून वार्षिकांकाचं काम रसायनशास्त्राच्या सरांवर आलं. मी भीत भीत एक लेख दिला. एका उन्हाळ्यात आमच्या तलावाचं पाणी आटून तापलं आणि मासे मरून वर आले, त्याबद्दल होता. त्यात मी एक वाक्य लिहिलं होतं, 'आईच्या डोळ्यांत अपार दुःख दाटून आले होते.' मला ते फार आवडलं होतं. तसं वाक्य मी कुठेतरी वाचलं असणार.

सरांनी त्यावर बोट ठेवलं. "हे कोणत्या रकान्यातलं आहे?"

मला कळलं नाही.

"निरीक्षण आहे का अनुमान?"

"अनुमान, सर," मी म्हटलं.

"मग निरीक्षण कुठी आहे? आई काय करत होती तेव्हा?"

"मासे निवडत होती. खाण्यासारखे वेगळे आणि फेकायचे वेगळे."

"अन्?"

"फेकायचे मासे तिनं टोपलीत ठेवले. मग बाहेर काढले. परत ठेवले. असं बराच वेळ करत होती, सर. मग बाबांनी टोपलीच उचलून नेली."

सरांनी वाक्यावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "मग हे लिहिलं काऊन नाही रे?"

त्या दिवसापासून मी माझ्या कागदावर मनातल्या मनात रकाने आखतो. असं लिहिणं बरोबर आहे की नाही, मला ठाऊक नाही. पण मला दुसरं येत नाही. रासायनिक समीकरण जुळवताना डावीकडे जे नाही ते उजवीकडे येऊ शकत नाही. मी पूर्वी लिहायचो तेव्हा उजवीकडे अश्रू आणून ठेवायचो, आणि डावीकडे त्यासाठी काहीच टाकलेलं नसायचं. क्रमाचंही तसंच. धातू ओळखताना ठरलेल्या क्रमानेच एकेक द्रावण टाकावं लागतं. क्रम चुकला की नंतर यायचे ते धातूही आत्ताच खाली बसतात, सगळा गाळ एक होतो, आणि मग कितीही धुतला तरी वेगळा होत नाही.

नायट्रेट ओळखायची एक चाचणी आहे. तिच्यात तीव्र आम्ल नळी तिरकी धरून भिंतीवरून हळूहळू सोडायचं असतं. तसं सोडलं तर दोन थरांच्या मध्ये तपकिरी कडं दिसतं. नळी हलवली तर ते कडं नाहीसं होतं, जसं काही नव्हतंच. पुढचं लिहिताना मला सारखी त्या कड्याची आठवण येते. हात हलू नये एवढंच बघतो आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजात सिकलसेलच्या तपासणीचं शिबिर झालं. आमच्या भागात हे नाव नवीन नाही. दवाखान्याच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, बसमधून दिसतं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणसाला हाडं फुटल्यासारखं दुखतं. हा आजार आईबापांकडूनच येतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक असतो, त्याला सहसा कळतही नाही. दोघांकडूनही आला तर तो रुग्ण असतो, जन्मभराचा.

तपासणी करणाऱ्या मॅडमनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका नळीतल्या द्रावणात टाकला. नळीमागे त्यांनी काळ्या रेघा मारलेला कागद धरला होता. द्रावण स्वच्छ राहिलं तर त्यातून रेघा दिसतात. ज्या रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन असतं ते तिथे विरघळत नाही, द्रावण गढूळ होतं आणि रेघा दिसत नाहीत. विद्राव्यतेचाच धडा होता. माझ्या जोडीदाराच्या नळीतून रेघा स्पष्ट दिसल्या. माझ्या नळीतून दिसल्या नाहीत.

"तेरा खून तो ताक निकला बे," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "टेन्शन मत ले. चल, चाय पिते."

या चाचणीत सिकल आहे एवढंच कळतं, वाहक की रुग्ण ते कळत नाही. त्यासाठी रक्त पुढच्या तपासणीला जातं. माझा अहवाल आला, मी वाहक निघालो. मॅडम म्हणाल्या, तुला काही होणार नाही, फक्त लग्नाआधी मुलीचं रक्त तपासून घे. मी घरी फोनवर काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

मग दिवाळी झाली आणि गावात मंडई भरली, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. मंडईला लेकीबाळी माहेरी येतात, रात्रभर नाटक असतं. बाई मुलाला घेऊन आली. भाटवेही आले होते, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. ते मोहर्लीच्या जंगलात सफारीची गाडी चालवतात आणि बोलायला लागले की सगळ्यांना हसवतात. पोरगा दोन वर्षांचा होत आला होता. मी त्याला घ्यायला हात पुढे केला तर तो किंचाळला.

निरीक्षण सांगतो. त्याच्या दोन्ही हातांची बोटं सुजली होती, टम्म. पायाची पण. तो पाय टेकत नव्हता. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट होता. बाई म्हणाली, मागेही दोनदा असं झालं होतं, आपोआप उतरलं.

अनुमानं घरात पुष्कळ होती. बाबा म्हणाले, "दाढा येऊन राह्यल्या त्याले." शेजारची काकू म्हणाली, "मंडईत एवढी मान्सं आली, नजर लागली लेकराले. मीठमिरची ओवाळ." भाटवे म्हणाले, "थंडी भरली. आमच्या गाडीवर सकाळच्या पाळीले माहेही बोटं असेच होते." आई तेल गरम करून त्याच्या तळव्यांना लावत होती आणि तो ओरडला की हात काढून घेत होती.

मी दाराशी बसून होतो. माझ्या डोक्यात एक गणित सुरू झालं, ते मला थांबवता येईना. सर शिकवतात तसं, आधी दिलेलं काय ते लिहा. मी वाहक आहे. म्हणजे आई किंवा बाबा, दोघांपैकी एक तरी वाहक आहे. बाबा असतील, तर त्यांच्या बहिणीतही ते असू शकतं. आणि माझ्या बहिणीचं लग्न बाबांच्या बहिणीच्या मुलाशी झालेलं आहे. आमच्याकडे अशी सोयरीक चांगली मानतात. पोरगी परक्या घरात जात नाही, सासू म्हणजे आत्याच, आणि भांडण झालं तरी घरातल्या घरात मिटतं. त्या सोयरिकीच्या वेळी सगळं गाव जेवलं होतं. आता मी दाराशी बसून त्याच सोयरिकीकडे पुडीतल्या क्षाराकडे बघावं तसं बघत होतो.

हिरवं दिसलं म्हणून फेरस लिहायचं नाही, असं मी मनाला सांगत राहिलो.

संध्याकाळी मी म्हटलं, याचं रक्त तपासू. बाईचं पण, भाटव्यांचं पण.

भाटवे हसले. "साळेसाहेब डाक्टर झाले! माह्यं रगत कायले पाह्यजे गा तुले? तिकडं ये मोहर्लीले, वाघाचं काढ. त्याच्यात काय निंगते ते सांग."

"भाऊजी, मजाक नाही करून राह्यलो. माझ्यात निघालं आहे."

त्यांचं हसू गेलं. "तुह्यात निंगालं त तुह्या घरचं आहे. आमच्या घराण्यात असं काई नाई."

"तुमची आई कोणाच्या घरची आहे?" मी विचारलं.

हे बोलायला नको होतं की काय, कळत नाही. पण ते खरं होतं. ते उठून बाहेर गेले, नाटकाच्या मंडपाकडे. बाबा इतका वेळ जाळ्याची वीण पाहत बसले होते. ते म्हणाले, "सोयरीक म्या केली. तुही आत्या म्हने, भावाची पोरगी माह्याच घरी पायजे. आता रगतात खोट निंगाली का दोनी घरं माह्या तोंडाकडं पाह्यतील."

"बाबा, खोट कुणाची नसते यात."

"तुह्या पुस्तकात नसंल," बाबा म्हणाले.

शेवटी बाईनेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी पोरगा रात्रभर रडून थकला होता, तेव्हा ती म्हणाली, "बाबू, मी येतो तुह्यासंगं. जे निंगाल ते निंगाल." बाई आमच्याकडच्या बायकांसारखीच 'येतो, जातो' म्हणते. आईही निघाली. मूलच्या स्टँडवर बस बदलून आम्ही गडचिरोलीला आलो. सगळ्या रस्त्यात पोरगा बाईच्या मांडीवर होता आणि बस खड्ड्यात गेली की ती त्याचे पाय हातांवर उचलून धरत होती.

दवाखान्यात तीच नळी, तोच रेघांचा कागद. बाईची नळी गढूळ झाली. पोराची पण. म्हणजे सिकल होतं, आता वाहक की रुग्ण एवढंच राहिलं होतं. बाई आणि आई पोराला गप्प करायला बाहेर गेल्या, तेव्हा तिथल्या मॅडमनी मला पुढची तपासणी समजावून सांगितली, मी रसायनशास्त्राचा आहे म्हणून. रक्तातलं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात एका पट्टीवर सरकवतात. चांगलं, म्हणजे ए, जास्त लांब जातं, सिकलचं, म्हणजे एस, मागे राहतं. वाहकाचे दोन पट्टे दिसतात, एक चांगल्याचा, एक सिकलचा. रुग्णाचा एकच दिसतो. सिकलचा. अहवालाला वेळ लागेल, यंत्र बंद आहे, त्या म्हणाल्या.

मी बाहेर आलो तेव्हा बाईने विचारलं, "काय म्हने?" मी म्हटलं, अजून बघायचं आहे. तिने पुढे विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्या दोघी पोरासाठी दुखणं कमी व्हायची गोळी घेऊन परत गेल्या.

मग वाट बघणं सुरू झालं. मी अधूनमधून दवाखान्यात जायचो, यंत्र बंदच असायचं. एकदा कळलं नमुना खराब झाला, पुन्हा रक्त लागेल. बाई पोराला घेऊन पुन्हा आली, दोघांचं रक्त देऊन गेली. भाटवे मोहर्लीलाच होते, त्यांनी फोन करणं सोडलं होतं. बाई माहेरीच राहिली होती आणि आत्या गावात सांगत होती की शिकलेल्या भावाने घर मोडलं.

त्या दिवसांत मी हे लिहायला घेतलं. जमेना. प्रत्येक वेळी पेन शेवटाकडे धावायचं. एकदा मी पोरगा बरा झाल्याचं लिहिलं, आणि मग मागचं सगळं आपोआप मऊ झालं. सुजलेली बोटंसुद्धा मी थोडी कमी सुजलेली लिहिली. एकदा उलट लिहिलं, तेव्हा भाटव्यांचा विनोदही मला क्रूर वाटायला लागला. तो क्रूर नव्हता. आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा. मग माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा कोरड्या नळ्यांवर पान भरतो आहे. मी कागद सरांना दाखवले. त्यांनी वाचले आणि विचारलं, "अहवाल आला?"

"नाही सर."

"मग शेवट कसा आला?"

मी शेवटचं पान मागे घेतलं. ते म्हणाले, "माहीत नसलं तर रकाना कोरा ठेवायचा असते. कोरा ठेवल्याचे मार्क नाही कापत मी." मग दाराशी थांबून म्हणाले, "भाच्याला ताप आला तर अंगावर काढू नका. लगेच घेऊन या." ते हे ज्या घाईने बोलले त्यावरून त्यांनी आपलं अनुमान केलेलं आहे हे मला कळलं.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी फोन बाहेर जमा करावे लागतात. मी परीक्षा देऊन बाहेर आलो तर बाईचे बरेच फोन येऊन गेले होते. जोडीदार म्हणाला, "पहले लगा ले, मैं रुकता." तो सायकल स्टँडकडे जाऊन उभा राहिला.

पोराला सकाळी ताप आला म्हणून बाई आणि आई त्याला दवाखान्यात घेऊन आल्या होत्या. तिथेच त्यांना अहवाल मिळाला होता. डॉक्टर अजून बसले नव्हते.

"बाबू, कागद भेटला," बाई भरभर बोलत होती. "इथल्या पोरीनं सांगतलं, याचा एकच पट्टा निंगाला. तिनं सांगतलं, तुह्यासारखेच माहेबी दोन. याचा एकच! म्हन्जे आपल्यापेक्षा कमीच ना?"

मागे आई कुणाला तरी सांगत होती, "एकच निंगाला व माय, एकच."

मला काहीच विचारायची गरज नव्हती. नळी गढूळ होती, पट्टा एक होता. तरी मी विचारलं, "बाई, कागदावर इंग्रजीत काय लिहून आहे? अक्षरं सांग."

"एस आहे. अन् पुन्हा एस."

"ए नाही कुठे? नीट पाय."

ती शोधत होती. कागदाचा आवाज येत होता. "ए नाई."

"आईपासून जरा बाजूला ये."

पलीकडे पोराचं कण्हणं थोडं जवळ आलं, म्हणजे ती त्याला घेऊनच सरकली होती. "आली. बोल."

मी सांगितलं. दोन पट्टे असते तर त्यातला एक चांगला असता. तुझ्यात एक चांगला आहे, माझ्यात आहे. याच्यात नाही. तुझ्याकडून सिकलचा गेला आणि भाऊजींकडूनही तोच. हे बोटं सुजणं, हा ताप, सगळं त्याचंच आहे. औषध आहे, रोज द्यावं लागेल. पण हे जाणार नाही.

पलीकडे बाई पोराला थोपटत होती, तो आवाज येत होता. मग ती हळू म्हणाली, "माह्यापाशी दोन होते ना रे बाबू. मंग चांगला सोडून याले वाईटच काऊन गेला?"